विटेची शैली, चिऱ्याचे घर

गेल्या वर्षी रत्नागिरीजवळच्या एका वाडीत आम्ही घरासाठी पाच गुंठे जागा घेतली. आम्ही दोघेही महाविद्यालयात शिकवतो. वीस वर्षे भाड्याच्या घरांत काढल्यामुळे स्वतःच्या घराविषयी बोलायला भरपूर सवड मिळाली होती, आणि त्या बोलण्यातून एक गोष्ट पक्की होऊन बसली होती : घर बांधायचे ते लॉरी बेकर यांच्या शैलीत. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने तिरुवनंतपुरमला गेलो असता तंपानूरचे इंडियन कॉफी हाउस पाहिले होते. लाल विटेची, गोल, चढत चढत वर जाणारी ती इमारत. आत शिरले की जिना नाही, मजले नाहीत, एकच उतरण वर वळत गेलेली आणि तिच्या कडेने टेबले मांडलेली. भिंतीतल्या जाळीतून आलेले उजेडाचे ठिपके टेबलावर पडले होते. कॉफी संपून बराच वेळ झाला तरी आम्ही तिथून उठलो नव्हतो. तेव्हापासून बेकरांच्या इमारतींची छायाचित्रे एका वहीत चिकटवत गेलो.

जागेचे कागदपत्र झाल्यावर ती वही आम्ही गवंड्यांसमोर ठेवली. गेली तीस वर्षे या भागात घरे बांधणारा हा माणूस. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत पाने उलटली, एक-दोन कमानींवर बोट फिरवून पाहिले आणि विचारले, "बाई, काम सुरेखच आहे. पण एवढ्या विटा घाटावरून आणायच्या, त्या कशासाठी? पायाखाली जांभा आहे की आपल्या!"

त्यांच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. 'बेकरांच्या शैलीत असेच असते' एवढेच मी म्हणू शकले, आणि म्हणता म्हणताच ते किती पोकळ आहे हे जाणवले. शैली म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपण वर्गात दर वर्षी विचारतो. घराच्या निमित्ताने तो मलाच विचारला गेला होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी बेकरांच्या इमारतींच्या छायाचित्रांकडून त्यांच्या चरित्राकडे वळावे लागले.

*

लॉरेन्स विल्फ्रेड बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. तिथेच वास्तुकलेचे शिक्षण घेऊन ते १९३७ साली पदवीधर झाले. तरुणपणी त्यांनी क्वेकर पंथ स्वीकारला होता. युद्धात शस्त्र न धरणारा हा पंथ. म्हणून दुसऱ्या महायुद्धात ते क्वेकरांच्या रुग्णसेवा पथकातून चीनमध्ये गेले आणि काही काळ कुष्ठरुग्णांची शुश्रूषा करीत राहिले. मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत त्यांना मुंबईत काही महिने थांबावे लागले. या मुक्कामात त्यांची गांधीजींशी भेट झाली. बेकरांच्या पायांत चिनी पद्धतीने चिंध्यांपासून बनवलेले जोडे होते, त्यांकडे गांधीजींचे लक्ष गेले आणि तिथून बोलणे सुरू झाले, अशी हकिकत बेकर पुढे सांगत असत.

या भेटीतून दोन गोष्टी निघाल्या. एक, भारतात परत येण्याचे आमंत्रण. दुसरी, घराविषयीचा एक विचार : आदर्श गावातले आदर्श घर त्या घरापासून पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून उभे राहावे. शिकाऊ अवस्थेत आपल्याला हे अतिरेकी वाटले होते, पण आयुष्याच्या उत्तरार्धात त्यातला शहाणपणा पटला, अशा आशयाची कबुली बेकरांनी दिली आहे. गांधीजींच्या दृष्टीने ही नुसती कल्पना नव्हती. १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. तिथली माती, कुड, बांबू आणि कौले यांची बुटकी घरे आजही पाहता येतात. बापूकुटी म्हणून आपण जिला ओळखतो ती मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली झोपडी. तिच्यात 'शैली' म्हणून दाखवावे असे काहीच नाही. आणि तरीही आत उभे राहिल्यावर कोणतीही वस्तू कमी किंवा जास्त वाटत नाही.

१९४५ साली बेकर भारतात परतले ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनचे वास्तुविशारद म्हणून. कुष्ठरोगावर नवे उपचार येऊ लागले होते; रोग्यांना जन्मभर डांबून ठेवण्यासाठी बांधलेल्या जुन्या वसाहतींचे रुग्णालयांत रूपांतर करायचे होते. १९४८ साली त्यांचा विवाह डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी झाला. विवाहानंतर दोघे हिमालयात पिथौरागढला गेले. डॉक्टर आल्याचे कळताच आजूबाजूच्या वस्त्यांतून रोगी येऊ लागले आणि काही दिवसांसाठी आलेले हे जोडपे तिथे सुमारे सोळा वर्षे राहिले.

माझ्या दृष्टीने बेकरांच्या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा काळ हाच आहे, आणि माझ्या वहीत त्याचे एकही छायाचित्र नव्हते. कारण उघड आहे. पिथौरागढला विटेची जाळी नाही, लाल गोल भिंत नाही. तिथे आहे डोंगरातला दगड, जंगलातले लाकूड, मातीचा लेप आणि छपराला दगडी पाट्या. बर्मिंगहॅममध्ये शिकलेले बांधकाम इथे उपयोगी पडेना. माती, शेण, वाळवी आणि मोसमी पाऊस या विषयांवर त्यांच्या पाठ्यपुस्तकांत एक ओळही नव्हती. पण डोंगरातली माणसे तर पिढ्यान्‌पिढ्या उत्तम घरे बांधून राहत होती! बेकरांनी या घरांनाच गुरू केले. छपराला नेमका हाच उतार का, दार या बाजूला का, गोठा खाली आणि माणसे वर का, हे विचारत ते हिंडले. प्रत्येक 'का'मागे हवामानाचा, उपलब्ध साहित्याचा किंवा रोजच्या कामाचा एक हिशेब होता. पुढे जिला 'बेकर शैली' म्हटले गेले तिचे मूळ या विचारण्यात आहे. विटेशी तिची गाठ अजून पडायचीच होती.

*

१९६३ साली बेकर कुटुंब केरळातल्या वागमणच्या डोंगराळ भागात आले आणि १९७० च्या सुमारास तिरुवनंतपुरमला स्थायिक झाले. शहराच्या नालांचिरा भागात खडकाळ, तीव्र उताराची जागा त्यांना मिळाली. तिथे त्यांनी स्वतःचे घर बांधायला घेतले आणि ते पुढे अनेक वर्षे जमेल तसे वाढत गेले. कुठे जुने लाकूड, कुठे रंगीत काचा, कुठे फुटक्या कपबश्यांचे तुकडे. खडक फोडून जागा सपाट केली नाही. घरानेच खडकाशी जुळवून घेतले.

केरळात हा काळ घराच्या प्रश्नाने भारलेला होता. जमीन सुधारणांमुळे कुळांना आणि भूमिहीनांना निदान घरापुरती जमीन मिळू लागली होती. १९७२ साली राज्य सरकारने एक लाख घरांची योजना हाती घेतली. सी. अच्युत मेनन मुख्यमंत्री होते. अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांनी १९७१ मध्ये 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज' ही संस्था स्थापन केली आणि उल्लूर येथील तिची सगळी वास्तू बेकरांकडे सोपवली. गरिबीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची इमारत उधळपट्टीची असू नये, हा त्यामागचा सरळ विचार. सिमेंट आणि पोलाद महाग होते. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते आणि ते अंशतः उठायला १९८२ साल उजाडावे लागले. याउलट तिरुवनंतपुरमच्या आसपास विटांच्या भट्ट्या होत्या, शिंपल्यांपासून भाजलेला चुना मिळत होता, मंगलोरी कौले मुबलक होती आणि हातात कसब असलेले गवंडी-सुतार कामाच्या शोधात होते. लाल वीट बेकरांच्या कामात आली ती या परिस्थितीतून. पिथौरागढला जे दगडाने केले तेच त्यांनी इथे विटेने केले.

यानंतरची त्यांची प्रत्येक 'खूण' तपासून पाहिली तर तिच्या मागे एक वजाबाकी दिसते.

विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या, म्हणजे नऊ इंची भिंतीच्या आत पोकळी राहते. या पद्धतीला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. तिच्यात विटा सुमारे पंचवीस टक्के कमी लागतात, चुनाही वाचतो आणि मधल्या हवेमुळे घर थंड राहते. स्लॅबचेही तसेच. स्लॅबवर भार आला की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. ताण सोसण्याचे काम लोखंडी सळ्या करतात. खालच्या भागातले काँक्रीट बरेचसे नुसते जागा अडवून बसलेले असते. तिथे काँक्रीटऐवजी जुनी मंगलोरी कौले घातली, तर वजन आणि खर्च दोन्ही कमी होतात, आणि खालून पाहिले की छताला कौलांची नक्षी आपोआप मिळते. खिडकी ही भिंतीच्या तेवढ्याच तुकड्यापेक्षा कित्येक पट महाग असते : चौकट, झडप, काच, गज, बिजागऱ्या. पण खिडकीकडून हवे असते काय? उजेड, वारा आणि चोरापासून संरक्षण. विटांमध्ये फटी ठेवून बांधलेली जाळी ही तिन्ही कामे करते. कमान असेल तर लिंटेलचे लोखंड वाचते.

गोल खोलीचे गणित तर कोणालाही घरी करून पाहता येईल. शंभर चौरस मीटर जागा पाच बाय वीसच्या आयताने घेरायची तर भिंत पन्नास मीटर लागते, चौरसाने चाळीस आणि वर्तुळाने साडेपस्तीस. म्हणजे कॉफी हाउसमध्ये ज्या वळणाने आम्ही भारावून गेलो होतो, त्या वळणाच्या मुळाशीही काटकसर होती. एक अपवाद मात्र नोंदवायला हवा. बेकरांना विनोदही प्रिय होता. त्यांच्या काही भिंती नुसत्या गंमत म्हणून वळलेल्या असाव्यात असे त्या पाहताना वाटते, आणि तसे असेल तर त्याचा आनंदच आहे. पण ही गंमत काटकसरीने वाचवलेल्या पैशातून आलेली आहे, हे विसरता येत नाही.

त्यांची काम करण्याची रीतही या विचाराशी जुळणारी होती. मोठे कार्यालय नाही, साहाय्यकांचा ताफा नाही. जुन्या पाकिटांच्या आणि पाठकोऱ्या कागदांच्या मागे आराखडे काढायचे आणि बाकीचे जागेवर, गवंड्यांशी बोलत ठरवायचे. झाड आडवे आले तर भिंत वळवायची. गिऱ्हाइकालाही ते उलटतपासणीतून सोडत नसत : ही खोली कशाला हवी? इथे गिलावा कशाला? शेजाऱ्याकडे आहे म्हणून, हे उत्तर चालत नसे. आपली पद्धत कोणालाही वापरता यावी म्हणून त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या चित्रांसह पुस्तिका काढल्या. १९८५ साली अच्युत मेनन, राज आणि टी. आर. चंद्रदत्त यांच्या सोबतीने त्रिशूरला 'कॉस्टफोर्ड' ही संस्था उभी राहिली. अल्पखर्ची बांधकामाचे हे काम तिने पुढे नेले. बेकरांनी भारताचे नागरिकत्व घेतले, १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरमलाच त्यांचे निधन झाले.

*

एखाद्या शैलीचे जे होते ते बेकरांच्या शैलीचेही झाले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार अपरिचित नाही. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली आल्या. त्यानंतर मराठीत यंत्रांच्या, गिरण्यांच्या, उंदरांच्या प्रतिमांची जी लाट आली तिच्यात मर्ढेकरांच्या प्रतिमा होत्या, पण त्या प्रतिमा ज्या अस्वस्थतेतून निघाल्या ती अस्वस्थता क्वचितच होती. प्रतिमा उचलता येते. ती जिथून आली ते ठिकाण उचलून आणता येत नाही.

वास्तुकलेत ही उचल अधिक उघडपणे दिसते, कारण ती पैशांत मोजता येते. आज शहरांतून 'बेकर शैली'ची म्हणून जी घरे दिसतात, त्यांतल्या काहींत आधी सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत बांधतात, तिला गिलावा करतात आणि त्या गिलाव्यावर विटेसारख्या दिसणाऱ्या पातळ फरश्या चिकटवतात. गिलाव्याचा खर्च वाचावा म्हणून बेकरांनी वीट उघडी ठेवली. इथे गिलाव्यावर आणखी खर्च करून उघडेपणाचा देखावा उभा राहतो. जाळीच्या मागे काच लावून आत वातानुकूलन यंत्र बसवले की वर्तुळ पूर्ण होते.

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. आमच्या वहीतल्या घरासाठी विटांचे ट्रक आंबा घाटातून उतरवावे लागले असते. पाच मैलांचा विचार ज्यांनी शिरोधार्य मानला त्यांच्या नावाने आम्ही शंभरावर किलोमीटरवरून वीट आणणार होतो. शिवाय रत्नागिरीचा पाऊस तिरुवनंतपुरमच्या दुपटीच्या जवळपास जातो. पश्चिमेच्या भिंतीला मी जी मोठी जाळी रेखाटली होती, तिच्यातून आषाढातली झड थेट अंथरुणावर आली असती. गवंड्यांनी जाळी पाहून एकच विचारले होते, "पावसात इथं कोण झोपणार?"

या टीकेची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बेकरांचा हिशेब त्यांच्या काळातल्या मजुरीच्या दरांवर उभा होता. साहित्य वाचवायचे आणि हाताच्या कामाला वाव द्यायचा, हे सूत्र मजुरी स्वस्त असताना खर्च उतरवत असे. आज कुशल गवंड्याची मजुरी वाढली आहे, आणि ती वाढायलाच हवी होती. कडेवरच्या विटेचे काम सराव नसलेल्या हाताने केले तर वेळ दुप्पट लागतो. भट्टीची वीट भाजायला लागणारे इंधन आणि विटेसाठी खरवडली जाणारी शेतातली माती यांचाही विचार आज करावा लागतो. म्हणजे बेकरांची उत्तरे जशीच्या तशी घेणे त्यांच्या केरळातसुद्धा आता सरसकट बरोबर ठरणार नाही. 'हे कशाला हवे?' आणि 'इथे काय मिळते?' या त्यांच्या दोन प्रश्नांचे मात्र तसे नाही. काळ बदलल्याने ते जुने होत नाहीत.

'इथे' या शब्दाचाही फार सोवळा अर्थ घेऊ नये. कोकणातल्या घराची ओळख म्हणून आपण ज्या मंगलोरी कौलाकडे पाहतो, त्याचा पहिला कारखाना बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला. युरोपातून आलेली ही वस्तू इथल्या मातीत भाजली गेली, इथल्या पावसाला टिकली आणि दोन-तीन पिढ्यांत आपली झाली. एखादी वस्तू कुठून आली यापेक्षा ती इथल्या हवेशी आणि हातांशी जमवून घेते का, याला घरबांधणीत अधिक महत्त्व आहे.

*

आम्ही वही मिटली आणि गवंड्यांसोबत वाडीतली जुनी घरे पाहायला गेलो. बेकर पिथौरागढला जे करीत हिंडले, त्याचीच ही छोटी आवृत्ती. सत्तर-ऐंशी वर्षांची जांभ्याची घरे. गिलावा नाही, चिरा उघडा, पावसाने काळवंडलेला पण शाबूत. पश्चिमेला खोल पडवी आणि तिच्यावर इतके खाली उतरलेले छप्पर की आत जाताना वाकावे लागावे. पागोळ्या भिंतीपासून दोन हात दूर पडतात. खिडक्या लहान. जाडजूड भिंतीत कोनाडे. म्हणजे कपाटांचा खर्च नाही. रॅट-ट्रॅप बाँडच्या पोकळीतली हवा जे काम करते, ते इथे सच्छिद्र चिऱ्याची जाडी करत होती. बेकरांच्या प्रत्येक वजाबाकीला जोडीदार असलेली एकेक वजाबाकी या घरांत होती. फक्त तिला कोणाचे नाव नव्हते.

जांभ्याविषयी वाचताना एक गंमत कळली. फ्रान्सिस बुखानन या स्कॉटिश डॉक्टरने १८०० च्या सुमारास मलबारात फिरताना हा दगड पाहिला. खाणीत असताना तो कुऱ्हाडीने कापण्याइतका मऊ असतो आणि उघड्या हवेत कठीण होतो. लोक त्याचे विटेसारखे तुकडे पाडून घरे बांधत होते. म्हणून बुखाननने त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. ते १८०७ साली छापून आले. 'लाटेर' या लॅटिन शब्दाचा अर्थ वीट. केरळातच नाव मिळालेली ही वीट आमच्या जागेत चार फुटांवर होती आणि मी ती घाटावर शोधत होते.

आता आराखडा बदलला आहे. भिंती चिऱ्याच्या, बाहेरून गिलावा नाही. गवंड्यांना कमान येते; पूर्वेच्या बाजूला त्या तीन ठिकाणी येतील. जाळी आहे, पण ती पडवीच्या आत, जिथे झड पोहोचत नाही. स्लॅब फक्त न्हाणीघरावर. बाकी कौले, तीही एका पाडलेल्या शाळेची जुनी. एकही गोल भिंत नाही, कारण चौकोनी चिरा वळवायला गेले की तासण्यात अर्धा वाया जातो.

'हे कशाला हवे?' हा प्रश्न मात्र साहित्यापाशी थांबला नाही. पाहुण्यांची खोली आम्ही काढून टाकली. वर्षातून आठ दिवसांसाठी दहा बाय बाराच्या चार भिंती पटेनात. पुस्तकांच्या खोलीपाशी आमचे दोघांचे एकमत होईना. चार हजार पुस्तकांतली पुन्हा उघडली जाणारी किती, असा प्रश्न नवऱ्याने विचारला. मी गप्प राहिले आणि खोली ठेवली. बेकरांनी ती ठेवू दिली असती की नाही, सांगता येत नाही. त्या खोलीची भिंत सध्या आराखड्यावर पेन्सिलीने काढलेली आहे.